बाळ खाली राहतं

सुदामा नगरातल्या आमच्या घराचा खालचा मजला वर्षभर रिकामा होता. आम्ही वर भाड्याने राहतो. गेल्या हिवाळ्यात, सहाव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून परतले तेव्हा पाच वर्षांच्या लेकीला काय सांगायचं, हे आमचं ठरलंच नव्हतं. तिने काही विचारलंही नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं नवरा म्हणाला. मला त्याचा संताप आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

मग ती जिन्यात कुणाशी तरी बोलू लागली. सकाळी पोह्यांवरची शेव वाटीत काढायची आणि खालच्या बंद दारापाशी नेऊन ठेवायची. डॉक्टर म्हणाले, या वयात मुलं मनाने सवंगडी रचतात, त्यात वावगं काही नाही, तुम्हीही खेळा. खेळायचं त्राण कुणाला होतं? तरी मी विचारायची, जेवली का तुझी मैत्रीण? ती नुसती बघत राहायची.

परवा खालच्या घराला भाडेकरू मिळाले. घरमालकांनी फाटकावरची ‘मकान खाली है’ची पाटी काढली, आणि लेक रडायला लागली ती थांबेचना. आता बाळ कुठे राहणार, म्हणाली.

“कुठलं बाळ?”

“आपलं. बाजूवाल्या भाभी फोनवर बोलल्या ना, बेचारी का पेट खाली कर दिया. तेव्हापासून ते खालीच राहतं. तू एकदा पण भेटायला नाही आली.”

घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. पोरगी दोन्ही फाडफाड बोलते, याचं आम्ही पाहुण्यांसमोर केवढं कौतुक करायचो. मला स्वतःचीच चीड आली. एवढे महिने ती एकटी बाळ सांभाळत होती आणि मी वर पडून होते.

मी तिला घेऊन पायरीवर बसले. बाळ खाली नाही, कुठेच नाही, ते मेलं, असं सरळ सांगितलं.

मग तिने माझ्या पोटावर हात ठेवला.

“म्हणजे हिंदीवालं खाली?”

“हो. हिंदीवालं.”

ती उठली, खाली गेली, दारापाशची वाटी उचलून आणली आणि मला धुवायला दिली.