पाणी आल्याचं बटण

दहिसरला एका बुद्धविहाराच्या हॉलमध्ये मी दर मे महिन्यात मुलांना मोबाइलची ॲप्स बनवायला शिकवते. पहिल्याच दिवशी एका मुलाचे वडील मला म्हणाले, "टीचर, हे शिकला की पोरगा किती महिन्यांत नोकरीला लागेल?" म्हटलं, "अहो, आधी त्याला चपला कडेला काढायला शिकवा, दारात सगळे अडखळतायत." हॉलमध्ये एकच हशा. माझं तोंड असंच आहे. नवरा म्हणतो, तू बोरिवलीहून निघतानाच भांडायच्या मूडमध्ये निघतेस. साफ खोटं! तो मूड मला तिथे पोचल्यावर येतो.

वर्गात सगळी दहावी देऊन निकालाची वाट बघणारी पोरं. त्यांना मी सांगते, इथे कोड टाइप करायचा नाही, रंगीत तुकडे जोडायचे. पिवळा तुकडा म्हणतो, "बटण दाबलं की". त्याच्या पोटात जांभळा बसवा, तो म्हणतो, "फोन थरथरव". दोघं एकमेकांत टक्कन बसले की झालं काम. पहिल्या दिवशी पोरं फोनला शिंका द्यायला लावतात, दुसऱ्या दिवशी शिव्या. तिसऱ्या दिवशी मी ओरडते आणि मग खरं शिकणं सुरू होतं.

त्या वर्षी एक मुलगी रोज उशिरा यायची. केस ओले, ड्रेसची बाही भिजलेली, आणि येऊन गुपचूप सतरंजीच्या टोकाला बसायची. चार दिवस मी गप्प राहिले, माझ्या मानाने हे फार झालं. पाचव्या दिवशी म्हटलं, "काय गं महाराणी, पालखी पाठवू का उद्यापासून?"

"सॉरी टीचर, आज पाणी उशिरा आलं," ती म्हणाली.

त्यांच्या चाळीत खाली एकच नळ. पाणी पहाटेपासून सकाळपर्यंत कधीही येतं, वेळ ठरलेली नाही, आणि अर्ध्या तासात जातं. नळाशेजारच्या खोलीतल्या मालवणी आजी "पाणी इला गोऽऽ!" अशी आरोळी ठोकतात आणि सगळी चाळ बादल्या घेऊन पळते. वर्षानुवर्षं हीच पद्धत. फक्त हिची आई पळत नाही, कारण तिला ऐकू येत नाही. लहानपणीच्या तापात कान गेले. ती माळ्यावर शिलाई मशीनवर काम करते, वडील रात्रपाळीला असतात, म्हणून पाण्याला जागायचं ते हिने.

"मग शेजारीण येऊन हलवून सांगेल की!"

"तेव्हा ज्याला त्याला आपली बादली दिसते, टीचर. आणि आईला कोणाचे उपकार नकोत."

मग तिने सहज सांगून टाकलं, की अंधेरीच्या ज्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स आहे ते सकाळी सातला भरतं, म्हणून ती ते घेणार नाही. जवळचं दुपारचं घेणार. तिथे फक्त कॉमर्स.

"तुला आवडतं कॉमर्स?"

"नाही," ती म्हणाली. चहा नको म्हणावं तसं म्हणाली.

मला असा संताप आला! मुलगी वर्गात सगळ्यात हुशार. मी एक तुकडा दाखवला की ही पुढचे तीन लावून मोकळी. आणि ही एका नळापायी कॉमर्सला जाणार? राग कोणावर काढावा कळेना, म्हणून मी हॉलच्या पंख्याला बोलून घेतलं, तो तसाही नीट फिरत नव्हता. मग पोरांना म्हटलं, शिंकणारे फोन बास झाले. यंदा सगळ्या वर्गाने मिळून एकच ॲप करायचं. आजींनी बटण दाबायचं, माळ्यावर उशीखालचा फोन थरथरेल, आई उठेल.

ॲप दोन दिवसांत तयार झालं. आम्ही मिरवतच आजींकडे गेलो. आजींनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माका बटन कित्याक व्हया? गळो बसलो काय माझो?"

अरे देवा! चाळीत आजींना काही मान असेल तर तो त्या आरोळीचा, आणि आम्ही नेमका तोच काढून घ्यायला आलो होतो. त्यांनी नातसुनेच्या आग्रहाने फोन ठेवून घेतला, पण सकाळी पाणी आलं की हात बादलीकडे, तोंड आरोळीकडे, आणि फोन आपला फडताळात. बटण दाबायचं त्यांच्या ध्यानातच राहीना.

मग पोरांनी डोकं चालवलं. फोन हलला की त्याला कळतं, त्याचाही तुकडा असतो. फोन आजींच्या कमरेच्या पिशवीत ठेवायचा. पाणी आलं की त्या धावणार, फोन हलणार, निरोप जाणार. बटणच नको! मी म्हटलं, झकास. दुसऱ्या दिवशी आजी पिशवीतल्या फोनसकट रिक्षात बसून चेकनाक्याच्या बाजूला भाचीकडे गेल्या. दहिसरचे रस्ते, काय सांगू! भर दुपारी माळ्यावरचा फोन थरथर थरथर थरथरत राहिला आणि हिची आई मशीन टाकून दोन बादल्या घेऊन कोरड्या नळापाशी उभी. पाहणारे हसले. सगळी पार वाट लागली.

मी माफी मागायला गेले. हसतमुख बाई. मला कोकम सरबत दिलं, पाठीवर हात ठेवला, जाऊ द्या म्हणून हात हलवला. तोंडातून चकार शब्द नाही. जिना उतरताना मी विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई बोलते, टीचर. पण फक्त माझ्याशी. चाळीतली पोरं तिच्या आवाजाची नक्कल करायची. तेव्हापासून माणसांत तोंडच उघडत नाही." मला ते प्यालेलं सरबत एकदम आंबट लागायला लागलं.

आता पोरगी हट्टाला पेटली. "आजींना आरोळी आवडते ना? मग आरोळीच ॲपमध्ये घालू." म्हणजे बटण दाबलं की आईचा फोन थरथरेल, आणि चाळीतल्या बाकी सगळ्या फोनवर आजींचा आवाज वाजेल.

हे ऐकल्यावर आजी सरसावून बसल्या. "माझो आवाज माळ्यार पोचतलो?"

"बोरिवलीपर्यंत पोचेल आजी," मी म्हटलं, "माझ्या फोनवर पण टाकते." त्यांनी पदर खोचला, घसा खाकरला आणि अशी आरोळी दिली की चाळीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्या दिवसापासून आजी बटण दाबायला कधी विसरल्या नाहीत. उलट शेजाऱ्यांना विचारायच्या, "आयकलंस मा?"

मुलीने एक हिरवं बटणही वाढवलं. पाणी भरून झालं की आईने ते दाबायचं, म्हणजे हिच्या आणि माझ्या फोनवर घंटा वाजेल. घरी नसताना हिला कळायला नको?

पण आमच्या देखत चालणं वेगळं आणि मागे चालणं वेगळं. दरम्यान निकाल लागला होता, मार्क फक्कड होते, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत जवळ आलेली. मी म्हटलं, "एक रात्र बाहेर झोप. तू नसताना आईला पाणी मिळालं तर अंधेरी पहिली. नाही मिळालं तर मी परत हा विषय काढणार नाही." ती मुलुंडला मावशीकडे गेली. जाताना दहा वेळा मागे वळून बघितलं असेल.

पहाटे माझ्या उशाशी "पाणी इला गोऽऽ!" नवरा ताडकन उठला आणि झोपेतच जाऊन आमच्या स्वयंपाकघरातला नळ सोडून आला. आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं, पण आजींच्या आवाजापुढे कोणाची टाप आहे! मी हसले, मग हसू आपोआप थांबलं. आता हिरव्या बटणाची वाट. फोन पुढ्यात घेऊन बसले. चहा केला, तो निवला. आई उठली असेल ना? फोन उशीखालून सरकला तर? पाणी जायची वेळ होत आली. मनात म्हटलं, मेलं ते बटण, कशाला पोरीला नादी लावलं.

आणि फोन वाजला. घंटा नव्हतीच. एका बाईचा आवाज होता, जाडसर, घोगरा, चढा, शब्द सुटे न होणारा. मला क्षणभर कळेना. मग कळलं. "भरलं!" असं ती म्हणत होती.

लगेच मुलुंडहून कॉल. पोरगी रडत होती की हसत होती, देव जाणे.

"टीचर, ऐकलंत? काल निघताना आईनेच घंटा काढून स्वतःचा आवाज भरायला लावला. म्हणाली, आजींचा आवाज जातो, मग माझा पण जाऊ दे."

"अगं, पण मी ऐकणार हे तिला माहीत होतं का?"

"हो. मी सांगितलं होतं."

नवऱ्याने चहा गरम करून कप हातात दिला.

"टीचर," ती म्हणाली, "मी अंधेरी पहिल्या नंबरला टाकते."