भिगवणच्या काठावर मागितलेलं

नाताळ जवळ आला असताना मी पुण्याहून एकटीच बारामतीच्या एसटीत बसले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. भिगवणला राहणाऱ्या रूथमावशींना, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला, फराळ पोचवायचा होता आणि त्यांच्याकडून आमच्या नव्या फ्लॅटसाठी प्रार्थना करून घ्यायची होती. त्या वर्षी घरी आम्ही प्रार्थनेला बसलो की आधी फ्लॅट, मग रंगीत टीव्ही, मग कपडे धुण्याचं मशीन, अशी मागणी चढत जायची. शेवटी आमेन.

बारामतीला गाडी बदलली. साखर कारखाने सुरू होते. पुढे रस्त्यात उसाची ट्रॉली कलंडली आणि आमची एसटी अडकली. मी मनातल्या मनात प्रभूला रस्ता मोकळा करायला सांगत राहिले. शेजारच्या सीटवर बसलेले एक आबा मात्र कुणाला लागलं का, हे बघायला खाली उतरले. परत येऊन म्हणाले, "ड्रायव्हर बचावला. बरं झालं." तो प्रश्न मला सुचलाही नव्हता.

भिगवणला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मावशींचं घर उजनीच्या फुगवट्याच्या (धरणामागे साचलेल्या पाण्याच्या) काठी. वारा असा सुटला होता की पदर सावरता येईना. चुलीवर चिलापीचं (इथल्या काटेरी माशाचं) कालवण रटरटत होतं. मी पिशवी खाली ठेवायच्या आतच फ्लॅटचा विषय काढला. मावशी ऐकून घेत होत्या, तेवढ्यात शेजारची कमल दारात आली. तिचा नवरा सकाळीच होडी घेऊन जाळी काढायला गेला होता आणि अजून परतला नव्हता.

मावशींनी कालवण उतरवलं आणि तडक मच्छीमारांच्या घरांकडे गेल्या. दोघंजण मोठी होडी घेऊन निघाले. आम्ही तिघी काठावर उभ्या राहिलो. पाणी काळपट होत चाललं होतं. मावशी मला म्हणाल्या, "तू माग, पोरी. मोठ्यानं."

मी डोळे मिटले. "हे प्रभू, आम्हांला..." आणि पुढे शब्दच येईनात. सवयीनं 'आम्हांला' आलं होतं, पण आता आम्हांला काहीच नको होतं. मी डोळे उघडून कमलला तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. ती नाव घ्यायला संकोचली. मग हळूच म्हणाली, "भिवा."

"प्रभू, भिवाला सुखरूप आण," एवढंच मी म्हणाले. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. कमलनं माझा हात धरून ठेवला होता.

दिवेलागणीच्या सुमारास मोठी होडी दिसली. मागं दोरानं बांधलेली लहान होडी होती आणि तिच्यात भिवा बसला होता. वल्हं मोडलं आणि वाऱ्यानं त्याला पल्याडच्या काठाला नेऊन टाकलं होतं. कमल आधी त्याच्यावर ओरडली, मग रडली. तो फक्त म्हणाला, "भूक लागलीया." त्या कालवणावर आम्ही सगळेच जेवलो. मला कित्येक महिन्यांनी अशी भूक लागली होती.

रविवारी मावशींबरोबर इंदापूरला उपासनेला गेले आणि तिथूनच परतीची गाडी धरली. निमगाव केतकीला एक बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मांडीवर डबा, चेहरा ओढलेला. मी विचारल्यावर म्हणाल्या, "लेक बारामतीला दवाखान्यात हाय. पहिलटकरीण हाय."

मी लेकीचं नाव विचारलं. सुमन. बारामतीला त्या घाईनं उतरल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. पुढे पुण्यापर्यंत खिडकीची काच बंद होत नव्हती, गार वारा कानात शिरत होता. मी सुमनसाठी मागत राहिले. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. इतक्या दिवसांत प्रार्थनेनंतर मला पहिल्यांदाच हलकं वाटत होतं.

फ्लॅट पुढे यथावकाश झाला. सुमनला मुलगा झाला की मुलगी, हे मला अजूनही ठाऊक नाही. तिचं मूल आता चांगलं मोठं झालं असेल, असं धरून मी त्याच्यासाठीही मागते.