डालग्याखालची भाकरी

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. बोलण्यासारखं आहे तरी काय — एक कोंबडी मेली होती, एवढंच. कोंबड्या मरतातच. पण हे मनात वागवत फिरायचा आता कंटाळा आलाय, म्हणून तुम्हाला सांगते.

जुळे सोलापुरात आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथं सासूबाईंच्या कोंबड्या असायच्या. माझं माहेर उजनीच्या काठचं. कोंबड्यांचं औषधपाणी मी आईकडून शिकले. कोंबडीच्या गळ्याखाली दाण्याची पिशवी असते ना, ती कधी कधी गच्च होते, खाल्लेलं खाली सरकतच नाही. मग तिला उपाशी ठेवायचं, थोडं तेल पाजायचं, बोटांनी हळूहळू चोळायचं. त्यानंही भागलं नाही तर ब्लेडनं चीर द्यायची, आतलं काढायचं, सुईदोऱ्यानं शिवून वर हळद दाबायची. गल्लीतली माणसं कोंबडी काखेत मारून माझ्याकडं यायची. "थोरलीच्या हाताला गुण हाय," सासूबाई सगळ्यांना सांगायच्या. मला ते ऐकायला आवडायचं. लई आवडायचं — खोटं कशाला बोलू?

धाकटी जाऊ संगीता तेव्हा नवी नवरी. टेंभुर्णीची. स्वभावानं इतकी मऊ, की कुणी उपाशी असलेलं तिला बघवायचं नाही.

सासूबाईंची तांबडी कोंबडी एकदा सुतळी गिळून बसली. तेल झालं, चोळणं झालं, पिशवी काही हलेना. शेवटी मी चीर दिली. सुतळीचा नि कडब्याचा गोळा निघाला. आता शिवायचं होतं. आई दोनदा शिवायची — आधी आतली पिशवी, मग वरची कातडी, वेगवेगळी. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण दुपारी पाहुणे जेवायला यायचे होते, आणि — खरं सांगू? — मला आळस आला. दोन्ही एकत्रच धरून टाके घातले. कोण बघतंय? उद्यापर्यंत हिला खायला घालायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं आणि कोंबडीवर डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, पालथं घातलं.

सकाळी डालगं उचललं तर कोंबडी मेलेली. टाके उसवलेले, प्यायलेलं पाणी चिरेतून झिरपून छाती भिजलेली. आणि चोचीपुढं भाकरीचे मऊ केलेले तुकडे.

"कशी हाय वं, आक्का?" संगीतानं मागच्या दारातून विचारलं. माझं तोंड बघून ती समजली. "मला ऱ्हावलं न्हाय. संध्याकाळी उलीशी भाकरी टाकली म्या." आणि ती सासूबाईंना बोलवायला आत गेली — कुणी न सांगता, आपणहून.

मी पिशवी चाचपली. रिकामी होती. तुकड्यांना चोच लागलेली नव्हती. कोंबडी कुणाच्या हातानं मेली, ते मला तिथंच कळलं. आणि मी काय केलं? ते तुकडे गोळा केले, बाकीच्या कोंबड्यांपुढं टाकले. बघता बघता त्यांनी फस्त केले. सासूबाई आल्यावर मी म्हणाले, "हिनं खायला घातलं. टाके तुटले."

सासूबाई ओरडल्या नाहीत. "हिला कशाला हात लावू देत जाऊ नगं," एवढंच म्हणाल्या. ते घरात राहिलं. कोंबड्यांकडं तिला कुणी फिरकू दिलं नाही. घरात कुणी आजारी पडलं की पथ्यपाणी माझ्याकडं. पाहुण्यांसमोर चेष्टा व्हायची — संगीता वाढतीय, जपून जेवा. हसणाऱ्यांत मी असायचे. तीही हसायची. ते तिला कधीपासून खरं वाटायला लागलं? मी लक्ष दिलं नाही. मला द्यायचं नव्हतं.

सासूबाई गेल्या. कोंबड्याही आता नाहीत. संगीता पलीकडच्या कॉलनीत राहते, तिला लहान मुलगी आहे.

गेल्या आठवड्यात मी फोन घरीच विसरून दळण आणायला गेले. तिथून पुढं बाजार, बँक. परत येऊन बघते तर संगीताचे कितीतरी मिस्ड कॉल. फोन लावला. मुलीला सकाळपासून जुलाब होत होते. डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणी तिनं कालवून ठेवलं होतं. लेकरू पाण्यासाठी रडत होतं, ते मला फोनमधून ऐकू येत होतं. आणि संगीता वाटी हातात धरून माझी वाट बघत बसलेली.

"आक्का, पाजू का? माझ्या हातानं काय वंगाळ झालं तर?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. अगदी तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "पाज. चमच्यानं, थोडं थोडं."

"तुमी हाय म्हणून बरं हाय की," ती म्हणाली.

मुलगी आता बरी आहे. काल पुन्हा फोन आला होता — तिला वरणभात देऊ का, म्हणून.

दे, म्हणाले. तेवढंच म्हणाले.