चूलबंद आवतण

मी बी.कॉम. झालो तेव्हा सिटी बसच्या कंडक्टरला ‘गावात थांबवा’ एवढं म्हणायचीही माझी छाती होत नसे. दुसरं कुणी उतरणारं नसलं की बस आमचा स्टॉप सोडून पुढे जायची आणि मी पुढच्या स्टॉपवर उतरून बांधाबांधानं मागे चालत यायचो. सातपूरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो, तर साहेबांनी ‘बसा’ म्हटलं आणि माझी जी दातखीळ बसली ती फाटकाबाहेर येऊन सुटली. बाहेर आल्यावर मात्र सगळी उत्तरं फटाफट आठवली, अगदी इंग्रजीतसुद्धा! मित्र मला मुकं कोकरू म्हणायचे. मला त्याचा रागही येत नसे, कारण खरंच होतं ते.

आमचं घर मखमलाबादला, मळ्यालगत. नव्वदच्या दशकात तिकडे अजून झेंडू आणि मेथीची वावरं होती. आता त्या रस्त्यानं जाताना आमचं वावर नेमकं कुठल्या बिल्डिंगखाली गेलं ते बायकोला दाखवायला जातो आणि मीच चुकतो. वडील लवकर गेले. मागे आई, ताई आणि मी. पलीकडच्या आळीत थोरले काका राहायचे. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वडिलांचं आणि त्यांचं वाजलं होतं, आणि ते मिटायच्या आत वडीलच गेले. काका मातीला आले, दहाव्यालाही आले, पण त्यानंतर दोन घरांचं येणं-जाणं थांबलं ते थांबलंच.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला. कन्यादानाला काका-काकूच बसले पाहिजेत. मामा तयार होते, सगळ्यांनी तिला समजावून पाहिलं, पण ही ऐकेल तर शपथ. काकांकडे पत्रिका पोचवली होती. तिकडून हो नाही की नाही नाही.

आमच्याकडे तेव्हा नुसत्या पत्रिकेला कुणी मोजायचं नाही. हळदीच्या सकाळी घरातल्या कर्त्या माणसानं दारोदार जाऊन तोंडानं आवतण द्यावं लागे. ‘जेवायला या’ म्हटलं तर घरटी एक माणूस येणार. ‘चूलबंद या’ म्हटलं तर त्या घरात चूल पेटवायची नाही, पोराबाळांसकट, आल्यागेल्या पाव्हण्यांसकट सगळ्यांनी मांडवात जेवायचं. आणि आमच्या घरात कर्ता माणूस म्हणजे मी. घ्या!

मी निघालो. प्रत्येक उंबऱ्याशी मुंडी खाली घालून ‘आज जेवायला या’ एवढं पुटपुटायचं आणि समोरच्यानं ‘बस रे, चहा घे’ म्हणायच्या आत पळ काढायचा. ‘चूलबंद’ हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. तो म्हणायचा तर आवाज लावून, घरमालकाच्या थाटात म्हणावा लागतो. माझा कसला थाट! एक आळी कशीबशी उरकली आणि काकांची आळी तशीच ठेवून घरी आलो.

माझ्या मागोमाग शेजारची एक बाई आली आणि आईला विचारू लागली, एकाच माणसानं यायचं का म्हणून. आई हळद कालवत होती. तिचा हात थांबला. बाई गेल्यावर ती हळूच म्हणाली, “बाप नाय ते लोकांना माहीत हाय. पण आता म्हणतील, या घरात सांगायलाबी माणूस नाय.”

ताईनं एवढंच विचारलं, काकांकडे गेला होतास का? मी नाही म्हणून मान हलवली. तिनं तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच पुन्हा त्याच आळीत गेलो. पहिल्याच घरी एक म्हातारी ओट्यावर बसलेली, कानानं ठार बहिरी. मी काय सांगतोय ते तिला कळेना. दोनदा सांगून झालं. शेवटी चिडून मी बोंबललो, “आजी, चूलबंद या! सगळ्यांनी!” आवाज चिरकला. आळीतली दारं उघडली, लोक बघायला लागले. म्हातारी शांतपणे म्हणाली, येतो बाबा, चूलबंद येतो. बस्स, एवढंच झालं. पुढच्या घरांना मी तसंच ओरडून सांगत गेलो. कान तापले होते, सदरा पाठीला चिकटला होता, पण पाय थांबत नव्हते.

तसाच काकांच्या आळीत शिरलो. काका ओट्यावरच होते. पांढरेफेक कपडे, डोक्यावर टोपी, हात गुडघ्यांवर. मी सवयीनं सुरुवात केली, “आईनं सांगितलंय की...”

“आईनं सांगितलं ते समजलं. तू काय सांगतो?”

पळून जावंसं वाटलं. पण घरी जाऊन ताईला तोंड कसं दाखवणार होतो?

“काका, मी सांगतो. ताईच्या कन्यादानाला तुम्हीच बसायचं. काकूंनी पण. आणि आजपासून सगळ्यांनी चूलबंद यायचं.”

एका दमात सगळं बोललो. काका उठले आणि आत गेले. झालं, बिघडवलं मी, असं वाटलं. मग काकू पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या.

“रडू राहिले ते आत,” काकू म्हणाल्या. “तुमच्या दारी मांडव पडला तव्हापासून रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर बसू राहिले. कोणी सांगायला येतं का म्हणून.”

मी खाली ओट्यावर बसलो आणि मलाही रडू आलं. एवढा दांडगा माणूस, अख्खी आळी त्याला वचकून, आणि आमच्या दारापर्यंत यायला त्यालाही धीर झाला नव्हता.

काका तोंड धुऊन बाहेर आले, टोपी सारखी केली आणि ‘चल’ म्हणाले. त्यांच्या आळीतली घरं आम्ही दोघांनी मिळून केली. आवतण मीच देत होतो. ते फक्त शेजारी उभे राहायचे.