सातची आरती

कोपरीतल्या आमच्या घरात संध्याकाळी सातला टीव्हीकडे पाय करून बसायची बंदी होती. त्या वेळी भक्तीच्या चॅनलवर आरती लागायची आणि माझ्या सासूबाई निरांजन घेऊन चक्क टीव्हीला ओवाळायच्या. मला राग यायचा. बाजूला एवढा देव्हारा आहे की! पण बोलणार कोण?

मग त्या चॅनलने कौटुंबिक मालिका सुरू केल्या. सातला निरांजन पेटलं, टीव्ही लागला आणि आरतीऐवजी दागिन्यांनी मढलेली एक सासू सुनेवर खेकसताना दिसली. पेटवलेलं निरांजन न ओवाळता ठेवायचं कसं? सासूबाईंनी मुकाट्याने त्या सासूलाच ओवाळलं. मी स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून हसले.

आठवडाभर त्या चॅनलला नावं ठेवत होत्या आणि मालिका बघत होत्या. एके दिवशी पावणेसातलाच देव्हाऱ्यापुढे घंटा वाजली. आरतीचं एकच कडवं, तेही धावतपळत.

"आई, एवढी कसली घाई?" मी विचारलं.

"देव घरातच आहेत गं, ते कुठे जातायत? ती सून मात्र आज घर सोडून चाललीय. राहू दे ती कणीक, ये लवकर!"