नौ लिंग

गोदीत उमेदवारी केल्यामुळे मला बारा बंदरांच्या शिव्या कळतात, असं मी लालबागभर कुणी न विचारता सांगत फिरतो. माझा हा नक्षा बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशीने उतरवला. पदर खोचून ती बोंबलाला तोंड लावणाऱ्या मांजराला झापत होती. वाक्य मराठीच्या चालीनं चालायचं, शब्द मात्र सातासमुद्रापलीकडचे.

"मावशी, ही कुठली भाषा?"

"नौ लिंग."

मला हसू फुटलं.

"हस मेल्या. 'आमची भाषा' असा अर्थ आहे त्याचा. अलिबागजवळच्या कोर्लईची. पोर्तुगीज गेले, त्यांचे शब्द आमच्या तोंडात राहिले."

"मग घरी हीच बोलता?"

"मी बोलते. पोरं मराठीत उत्तर देतात. मांजर उत्तरच देत नाही, म्हणून त्याच्याशी बोलते."

परवा गेलो तर मांजर नव्हतं. मावशी मुकाट्याने बोंबील निवडत होती. मला बघताच ती त्या भाषेत बोलू लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. मला अक्षर कळलं नाही. पण मराठीत उत्तर द्यायचं नाही, एवढं कळत होतं. मी मांजराच्या जागेवर बसलो आणि ऐकत राहिलो.