माझ्या हातचा डाग

सुरतच्या भेस्तान भागात माझं लहानसं दुकान आहे. जुने माईक दुरुस्त करतो. बारा वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढली आणि बत्तिसाव्या वर्षी हे काम शिकायला लागलो. शिकवणारे मास्तर कामरेजचे, गुजराती. फार कमी बोलायचे. ते आता नाहीत.

माझ्याकडे येणारे बहुतेक माईक डायनॅमिक जातीचे असतात. आत एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेली केसासारख्या तारेची गुंडाळी आणि मागे लोहचुंबक. या सगळ्याची मिळून एक डबी असते, तिला आम्ही कॅप्सूल म्हणतो. बोललं की पडदा हलतो, त्याच्याबरोबर गुंडाळी हलते आणि आवाजाची वीज होते. बॅटरी लागत नाही, त्यामुळे नीट ठेवले तर हे माईक माणसाच्या हयातभर टिकतात. आमच्या भागात त्यांचे दोन वैरी. एक दमट हवा, दुसरे लूममधून उडणारे बारीक तंतू.

मागच्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर साठीच्या एक बाई दुकानात आल्या. मूळच्या आमच्याच खानदेशातल्या, लग्न होऊन सुरतेत आलेल्या. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला माईक काढला. त्यांचे यजमान समाजाच्या लग्नांत माईकवर बोलायचे. मंगलाष्टकं म्हणायची, आहेर पुकारायचे, पाहुण्यांना पंगतीला बसवायचं, सगळं त्यांच्याकडे. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नातीचं लग्न ठरलं होतं. मंगलाष्टकं बाई स्वतः म्हणणार होत्या, आणि याच माईकवर. त्या आधी कधी माईकवर बोललेल्या नव्हत्या. जाळी साफ करून द्या आणि माईक असली आहे का तेही बघा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कुणीतरी त्यांना नकली म्हणून सांगितलं होतं.

मी माईक तळहातावर तोलला. जुन्या माईकला वजन असतं. बुडाशी अक्षरं होती ती छापलेली नव्हती, धातूतच उठवलेली होती. स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच. जाळीची वीण हाताला घट्ट लागली. वरून तरी माईक शंभर टक्के असली होता. आतलं उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, दोन दिवसांनी या, असं सांगून मी त्यांना पाठवलं.

दुपारी जाळी फिरवून काढली. आतला स्पंज विरघळून गुळाच्या पाकासारखा चिकट झाला होता. तो काडीने खरवडून काढला आणि कॅप्सूल दिसली. नवी, पातळ पत्र्याची, कुठल्याही दुकानात मिळते तशी. तारा जोडायला दिलेले कथलाचे डाग फुगीर होते, आणि एका तारेवर पिवळी नळी चढवलेली होती. ती नळी माईकची नव्हती. लूमवरच्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये वापरतात ती. मास्तरांकडे शिकत असताना तशा नळीचे तुकडे माझ्याच खिशात असायचे.

मग आठवलं. मास्तर आठवडाभर गावी गेले होते. साफसफाईला आलेला एक माईक मी एकट्यानेच उघडला आणि लोखंडी पेचकस चुंबकाजवळ नेला. चुंबकाने तो हातातून ओढून घेतला आणि पडदा फाटला. मी नवी कॅप्सूल बसवली, जाळी लावली आणि माईक देऊन टाकला. नेणारा माणूस उंच होता एवढंच ध्यानात होतं. मास्तरांना सांगितलं नाही. पुढे मीही विसरलो.

बाईंना हे सांगायचं असं माझ्या मनात नव्हतं. तसलीच जुनी कॅप्सूल शोधून बसवायची आणि गप्प राहायचं, असं मी ठरवलं. बारडोलीच्या एका मंडपवाल्याकडे त्याच बनावटीचा माईक होता, पडून चेपलेला. गेलो, माझा एक चालू माईक त्याला दिला आणि तो घेऊन आलो. कॅप्सूल बाहेर काढून मीटरच्या तारा टेकवल्या तर आतून बारीक खरखर आली, म्हणजे गुंडाळी शाबूत होती. चुंबकावर लोखंडाचा कीस बसला होता. तो फुंकला तर पडद्याखाली जातो, म्हणून चिकटपट्टीने टिपून घेतला. जाळी साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुतली आणि सावलीत वाळवली. डाग या वेळी नीट दिले.

तिसऱ्या दिवशी बाई यजमानांना घेऊनच आल्या. उंच माणूस, गळ्याला रुमाल, हातात पाटी. त्यांनी माईक हातात घेतला, जाळीवर नखाने एकदा टिचकी मारली आणि बायकोकडे दिला. बाईंनी मंगलाष्टकाची एक ओळ म्हटली. यजमानांनी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, ‘जुनी कॅप्सूल परत बसवली?’

मी पाटी वाचली. मग म्हणालो, “तीच नाही, काका. तशीच दुसरी आहे. तुमची माझ्या हातून फाटली होती.” आणि झालं ते थोडक्यात सांगितलं.

त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘त्याच दिवशी कळलं होतं.’

मग बोलला का नाही, असं मी विचारलं. लिहायला त्यांना वेळ लागला, मधे दोनदा पाटी पुसावी लागली. दुसऱ्या आठवड्यात ते तक्रार घेऊन मास्तरांच्या दुकानात आले होते. मास्तर परतलेले होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. काकांनी आत पाहिलं आणि माईक चांगला चालतो हे सांगायला आलो, असं म्हणून निघून गेले.

पुढचं बाईंनी सांगितलं. “माले मालूम शे, भाऊ. घरी आल्यावर म्हणाले होते, तिथे एक मोठा बाप्या काम शिकतोय, त्याची बायको डबा घेऊन पायरीवर बसली होती. त्याचं काम सुटलं असतं.”

बाई म्हणाल्या, त्या दिवसापासून काका माईक ओठांजवळ धरून सावकाश बोलायला लागले. लांबून बोललं की आवाज कर्कश व्हायचा. लोकांना वाटलं, वय झालं म्हणून बोलणं शांत झालं असेल. काहींना तीच त्यांची ढब वाटायची. दुसरा माईक का घेतला नाही, ते मी विचारलं नाही.

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. हलकं वाटलं नाही, एवढं खरं. मी म्हणालो, “माझं चुकलं.” त्यांनी मान हलवली आणि पाटी बगलेत धरली. तो विषय त्यांच्यापुरता संपला होता.

मग ते बायकोला शिकवायला लागले. माईक तोंडापासून चार बोटं दूर, थोडा तिरका. बाई तो जवळ ओढायच्या, ते मधे बोटं घालून मागे सरकवायचे. बाईंना हसू यायचं आणि ओळ तुटायची. पाच-सहा वेळा तसं झालं. शेवटी एक कडवं सलग जमलं तेव्हा काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि मला हाताने खूण केली, ठीक आहे.

लग्न कामरेजला होतं. मी बायकोला घेऊन गेलो. पहिल्या ओळीला बाईंचा आवाज थरथरला, दुसरीपासून लागला. काका स्टेजवर नव्हते. ते अ‍ॅम्प्लिफायरजवळ उभे राहून बटणावर हात ठेवून होते. मधेच त्यांनी आवाज जरासा वाढवला. मागच्या रांगांतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

पंधरा दिवसांनी माईक साफसफाईला आला. जाळीत अक्षतांचे दोन दाणे अडकले होते. चिमट्याने काढले, आत नवा स्पंज बसवला, डब्यात ओल शोषणारी पुडी टाकली आणि त्यांना निरोप पाठवला.